तलंग अंड्यावर कधी येणार, हे डोळ्यांनी आणि हातांनी कसं ओळखायचं

आठवडी बाजारात विकायला आणलेल्या कोंबड्यांत चार-दोन तलंगा, म्हणजे अजून अंडं न दिलेल्या तरण्या कोंबड्या, अशा असतात, की हातात घेतल्यावर जीव हळहळतो. तुरा लालबुंद, अंग भरलेलं, मागची हाडं दोन बोटं सुटलेली. आणि विकणारी बाई सांगत असते, "सहा महिने झाले, नुसतं खायलीय. अंडं काई देईना." ती तलंग त्याच आठवड्यात अंडं देणार असते, फक्त दुसऱ्याच्या घरी.

मीही हे केलेलं आहे. पहिल्या वर्षी सात गावरान तलंगा वांझ समजून मी विकल्या. घेणाऱ्या मावशी पुढच्या बाजारी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या तिघी आल्या की गं अंड्यावर." सहा महिने मी दाणा घातला आणि शेवटच्या आठ दिवसांत माझा धीर सुटला. तेव्हापासून महिने मोजण्यापेक्षा पक्ष्याचं अंग वाचायची सवय मी लावून घेतली. हा लेख त्यासाठीच आहे. परसात दहा-वीस पक्षी असोत की आखाड्यावर शंभर-दीडशे, क्रम हाच ठेवा.

## १. आधी वय नीट मोजा

निम्मा गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे बरेच जण एक दिवसाचं पिल्लू आणत नाहीत, लस झालेली तीन-चार आठवड्यांची पिल्लं घेतात. मग वय मोजलं जातं पिल्लं घरी आली त्या दिवसापासून. म्हणजे कागदावर साडेचार महिन्यांची असलेली तलंग खरी साडेपाच महिन्यांची असते. अंडी घालायची खोकी लावायची राहून जातात आणि पहिलं अंडं कडब्याच्या गंजीत पडतं. पिल्लं घेताना ती अंड्यातून कधी निघाली ते विचारा आणि खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

जातीप्रमाणे काळ साधारण असा धरा. गावरान सहा ते सात महिने, कधी त्याहूनही थोडा जास्त. गिरिराज आणि वनराज साडेपाच ते सहा. ग्रामप्रिया, कावेरी आणि ऱ्होड आयलंड रेड पाच ते सहाच्या दरम्यान. कडकनाथ सहाच्या आसपास. पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न मात्र साडेचार-पाच महिन्यांतच सुरू होते, आणि सगळा घोळ तिच्यामुळे आहे. लोक ऐकतात पोल्ट्रीवाल्याचं आणि वाट बघतात गावरानाची.

ऋतूचाही हात असतो. दिवस मोठा होत चालला की पक्षी लवकर वयात येतो, लहान होत चालला की रेंगाळतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला निघालेल्या गावरान तलंगा मार्गशीर्ष-पौषात वयाने तयार असतात, पण अंडं देत नाहीत. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढायला लागला की त्याच तलंगा एकापाठोपाठ एक सुरू होतात. मधल्या काळात त्यांना बाजार दाखवू नका.

तपासा: सगळ्या खरंच तलंगाच आहेत ना? तीन महिन्यांतच ज्याचा तुरा मोठा आणि लाल झाला, तो बहुतेक कोंबडा असतो. मानेवरची आणि शेपटीच्या मुळाशी पाठीवर लोंबणारी पिसं बघा. कोंबड्याची लांब, टोकदार आणि चकचकीत असतात, तलंगेची टोकाला गोल. तुऱ्याकडे बघून "ही लवकर येणार" म्हणत कोंबडा सांभाळलेली घरं मी पाहिली आहेत.

## २. साडेतीन-चार महिन्यांना करायची तयारी

लक्षणं दिसायला लागल्यावर तयारीला लागणं हा उशीर आहे. अंड्यावर येणाऱ्या पक्ष्याला त्या दिवसांत कोणताच धक्का चालत नाही. नवी जागा, टोचलेली सुई, अनोळखी पक्षी, अचानक बदललेलं खाद्य, यातल्या कशानेही अंडं दोन-तीन आठवडे पुढे जातं. म्हणून धसमुसळेपणाची सगळी कामं सोळाव्या आठवड्यापर्यंत उरकून घ्या.

लस आणि जंत. मानमोडीची (राणीखेतची) लस आठव्या आठवड्यात टोचली असेल तरी अंड्यावर येण्याआधी सोळाव्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा द्यायची असते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवा. लसीची कुपी अनेक पक्ष्यांची असते आणि फोडली की लगेच संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एकच दिवस धरला तर सोपं जातं. लस आणताना बर्फात आणा. उन्हात डिक्कीत ठेवून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी टोचणं. जंताचं औषध लसीच्या आठ-दहा दिवस आधी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. परसात फिरणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जंत असतातच. जंतांनी तुरा फिका पडतो आणि मग लक्षणं वाचताच येत नाहीत.

बसायची दांडी आधी, खोकी नंतर. हा क्रम उलटा झाला की वर्षभर त्रास होतो. कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागी बसते. दांडी नसेल तर ती खोक्याच्या काठावर किंवा खोक्यातच झोपते, रात्रभर तिथेच घाण करते आणि सकाळी त्याच घाणीत अंडं पडतं. दोन-अडीच फुटांवर जाड, गोलसर लाकडाची दांडी लावा, एका पक्ष्याला आठ इंच जागा धरून. पंधरा दिवस त्यांना तिथे बसायची सवय होऊ द्या. मग खोकी दांडीपेक्षा खाली, जमिनीपासून फूट-दीड फुटावर लावा.

चार-पाच तलंगांना एक खोकं पुरतं. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. फळांचं लाकडी खोकं, तेलाचा आडवा कापलेला डबा, जुनी दुरडी, काहीही चालतं, मात्र पत्र्याची धार ठोकून वळवा. पुढे चार इंचांची आडवी पट्टी हवी, नाहीतर पायाने उकरताना अंथरूण आणि अंडं दोन्ही बाहेर येतं. जागा अंधारी आणि कोपऱ्यातली निवडा. दाराच्या झोतात ठेवलेल्या खोक्याकडे तलंग फिरकत नाही.

खाली अंथरायला मऊ भुसकट किंवा गव्हाचं काड. सोयाबीनची गुळी आपल्याकडे फुकट मिळते, पण तिच्यातली शेंगांची टोकं टोचतात. वापरायचीच असेल तर चाळून बारीक तेवढीच घ्या. अंथरुणाखाली मूठभर कोरडी राख पसरली की उवा-पिसवांचा त्रास कमी राहतो.

सावध: जागा बदलायची असेल तर आत्ताच बदला. एका वर्षी मी तुरे लाल झाल्यावर पक्षी जुन्या खुराड्यातून नव्यात हलवले. खुराडं छान होतं, पण तीन आठवडे एकही अंडं मिळालं नाही.

## ३. लांबून दिसणारी लक्षणं

एकच लक्षण धरून बसू नका. चार-पाच एकत्र दिसली तरच विश्वास ठेवा. साधारण ज्या क्रमाने ती दिसतात, त्याच क्रमाने लिहिते.

सगळ्यांत आधी अंग बदलतं. शेवटची पीसगळ संपते आणि पिसं अंगाला घट्ट बसून चमकायला लागतात. आतापर्यंत उभट दिसणारी तलंग मागून रुंद आणि खालून भरल्यासारखी दिसते. खुराड्यात गळून पडलेली पिसं अजून रोज सापडत असतील, तर वेळ आहे असं समजा.

मग तुरा. आधी फिका गुलाबी, किंचित पिवळट आणि वरून कोंडा पडल्यासारखा असतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तो वाढतो, लाल होतो आणि हाताला गरम, मऊ, मेण लावल्यासारखा लागतो. चोचीखाली लोंबणाऱ्या पाळ्या आणि चेहऱ्याची कातडीही त्याच वेळी लालसर होते. तुऱ्याचा रंग सकाळी, सावलीत बघा. भर दुपारी उन्हातून पळत आलेल्या कोणत्याही पक्ष्याचा तुरा लालच दिसतो.

कडकनाथ पाळणाऱ्यांनी इथे थांबायचं. त्या जातीचा तुरा मुळातच काळपट-जांभळट. रंग बघून काही कळत नाही. आकार वाढला का आणि चकाकी आली का, एवढंच बघा. बाकीचं पुढच्या टप्प्यात हाताने.

नंतर चाल आणि आवाज. एरवी घोळक्यात राहणारी तलंग एकटीच कोपरे धुंडाळते. खोक्यात डोकावते, आत जाऊन दोन-चारदा पायाने उकरते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. चुलीमागची जागा, बाजेखालचं पोतं, गोठ्यातली गव्हाण, सगळं तपासून होतं. घशातल्या घशात लांबट कुरकुर सुरू होते, आधी कधी ऐकली नव्हती अशी. आणि भूक वाढते. ताटलीतला शिंपल्याचा चुरा आठ-आठ दिवस कोणी शिवत नव्हतं, तो एकदम संपायला लागतो.

शेवटी दबून बसणं. पाठीवर हात ठेवला की तलंग पळायच्या ऐवजी जागच्या जागी दबते, पंख थोडे बाजूला सोडते, पाठ सपाट करते. कोंबड्यासमोर ती अशीच बसते. हे दिसलं की बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत अंडं येतं. पण आपल्या गावरान तलंगा बुजऱ्या असतात. माणसाचा हात दिसला की छपरावर. त्यामुळे दबून बसली तर खूण पक्की, नाही बसली म्हणून वय झालं नाही असं मात्र नाही.

चूक: कोंबडा नाही म्हणून तलंग अंडं देत नाही, असं अजूनही सांगितलं जातं. अंडं यायला कोंबडा लागत नाही. त्या अंड्यातून पिल्लू हवं असेल तरच लागतो.

## ४. हाताने तपासणी: खरा निकाल इथे

बाकी सगळं वाचून विसरलात तरी हा भाग विसरू नका. डोळ्याला तुरा फसवतो, महिने फसवतात, पण हाडं फसवत नाहीत.

वेळ. दिवेलागणीनंतर, पक्षी दांडीवर स्थिरावले की. दिवसा मागे पळून पकडलेली तलंग धापा टाकते, अंग आखडून घेते आणि हाताला चुकीचं सांगते. सकाळी तपासू नका. आत कवच धरलेलं अंडं असलं तर दाबाने फुटू शकतं.

पकड. दोन्ही तळव्यांनी पंख अंगाशी धरून उचला. पंख किंवा एक पाय धरून लोंबकळवू नका. तिचं डोकं तुमच्या काखेच्या दिशेला आणि शेपूट समोर येईल अशी डाव्या हातावर घ्या, पोट तळहातावर, दोन्ही पाय बोटांच्या मध्ये. अर्धा मिनिट काही करू नका. तिचे श्वास संथ झाले की उजव्या हाताने सुरुवात करा.

मागची दोन हाडं. शेपटीखाली विष्ठेच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, किंचित खाली, दोन पातळ टोकदार हाडं बोटांना लागतात. त्यांच्यामध्ये बोटं आडवी ठेवा. एक बोटही मावत नसेल आणि हाडं ताठ असतील, तर अजून निदान महिनाभर. एक बोट मोकळं बसलं तर तीन-चार आठवडे. दोन बोटं बसली आणि हाडं दाबली की लवचीक लागली, तर आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही आधी. अंडी देणाऱ्या कोंबडीत तीन बोटांपर्यंत जागा असते. लहान चणीच्या गावरानाला अर्धं बोट कमी धरा.

छातीचं हाड ते ही दोन हाडं. छातीच्या हाडाचं मागचं टोक शोधा. तिथून वरच्या दोन हाडांपर्यंत उभं अंतर मोजा. दोन बोटं असेल तर पोट अजून तयार नाही. तीन-चार बोटं असेल आणि मधला भाग मळलेल्या कणकेसारखा मऊ लागला, तर आत अंड्यासाठी जागा झाली आहे. तोच भाग जाड आणि घट्ट लागत असेल तर ती चरबी आहे. मका जास्त झाला.

मागचं द्वार. न आलेल्या तलंगेचं लहान, गोल, कोरडं आणि चुण्या पडलेलं असतं. जवळ आलेलीचं मोठं, आडवं पसरलेलं, ओलसर आणि फिकट गुलाबी. पिवळ्या कातडीच्या जातीत आधी त्याभोवती पिवळी कड असते. अंडी सुरू झाल्यावर शरीरातला पिवळा रंग बलकात जायला लागतो आणि ती कड सगळ्यांत आधी फिकी पडते, मग डोळ्यांभोवतालची, मग चोच, सगळ्यांत शेवटी पाय. म्हणजे एखाद्या कोंबडीची कड फिकी झालेली आहे आणि अंडं मात्र दिसत नाही, तर ती अंडं देते आहे. ते कुठे देते एवढंच शोधायचं.

मागच्या पौषातली एक तलंग सांगते. तांबूस, एका पायाला निळी चिंधी बांधलेली. तुरा लाल होता, पण खोक्याकडे बघायची नाही. पहिल्या तपासणीत एक बोट, पोट आवळलेलं. दहा दिवसांनी दीड बोट. संक्रांतीच्या आदल्या रात्री तिला हातावर घेतलं तर दोन बोटं सहज बसली आणि हाडांची टोकं कोवळ्या कूर्चेसारखी वाकत होती. चौथ्या दिवशी सकाळी ती खोक्यात होती. मी लांब उभी राहिले. ती अर्धवट उठली, शेपूट खाली केली, अंगातून एक कळ गेल्यासारखी थरारली, आणि भुसकटावर ओलं, चकाकणारं अंडं आलं. मिनिटभरात तो ओलावा वाळला आणि कवच मंद झालं. एका टोकाला रक्ताची बारीक रेघ होती.

तपासा: तपासणारा हात दर वेळी एकच ठेवा. माझी दोन बोटं आणि आमच्या यांची दोन बोटं यांत चांगलाच फरक आहे. पायाला रंगीत चिंधी बांधून वहीत तारीख आणि बोटं लिहा. दर आठवड्याला बघायची गरज नाही, दहा-बारा दिवसांनी पुरे.

## ५. खाद्य कधी बदलायचं

लवकर अंडी यावीत म्हणून चौथ्या महिन्यातच अंड्यावरचं खाद्य सुरू करणं ही मी पाहिलेली सगळ्यांत महागात पडणारी चूक. अंड्यावरच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढीच्या खाद्यात साधारण एक टक्का. अंडं न देणाऱ्या पक्ष्याला एवढं कॅल्शियम वापरता येत नाही. ते मूत्रपिंडावर पडतं आणि पुढे पक्षी झिजून मरतो. उलट बाजूही तितकीच खरी. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. अंडी सुरू झाली आणि खाद्य जुनंच राहिलं, तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते.

क्रम असा ठेवा. बहुतेक तलंगांची हाडं दोन बोटांवर आली, किंवा कळपात पहिलं अंडं दिसलं, की बदल सुरू करायचा. पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवं, पुढचे तीन दिवस निम्मं, मग पूर्ण. एका पक्ष्याला दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम, फिरून खाणाऱ्या गावरानाला त्यापेक्षा कमी.

कळपात काही आलेल्या आणि काही न आलेल्या असतील, तर वाढीचंच खाद्य ठेवून शिंपल्याचा चुरा वेगळ्या ताटलीत ठेवा. जिला लागतो ती बरोबर खाते. शिंपला मिळत नसेल तर घरातली अंड्याची टरफलं उन्हात कडक वाळवून, भाजून, चुरून द्या. अर्धवट टरफल टाकू नका. अंडं फोडून खायची खोड तिथूनच लागते.

घरचं खाद्य करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं भरडून घालू नका. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. नीट भाजून किंवा पेंडच वापरा. आणि पावसाळ्यात ओल धरलेला मका किंवा शेंगदाणा पेंड, हिरवट-काळी बुरशी दिसली की ती टाकून द्या, धुऊन-वाळवून वापरू नका. नुसत्या ज्वारीवर आणि शिळ्या भाकरीवर वाढलेली तलंग सात महिन्यांनाही येत नाही, कारण तिला अंडं बनवायला प्रथिनंच मिळत नाहीत. अशीला वांझ म्हणणं अन्याय आहे.

पाण्याकडे टँकरच्या दिवसांत दुर्लक्ष होतं. पक्षी जेवढं खातो त्याच्या साधारण दुप्पट पितो, उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त. वैशाखात दुपारी काही तास भांडं कोरडं राहिलं तरी पुढचे अनेक दिवस अंडं थांबतं. भांडी सावलीत, मातीची, आणि दुपारी पाणी बदललेलं.

## ६. उजेड

परसात आठ-दहा गावरान असतील तर हा टप्पा सोडून द्या, सूर्य पुरे. सुधारित जातीचे पक्षी ठेवून नियमित अंडी विकायची असतील तर मात्र लागतो. अंड्यावरच्या पक्ष्याला दिवसाचे चौदा ते सोळा तास उजेड हवा. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये सव्वातेराच्या आसपास.

नियम दोनच. वाढत्या पक्ष्याचा उजेड वाढवायचा नाही, आणि अंडी देणाऱ्याचा कमी करायचा नाही. बल्ब तेव्हाच सुरू करा जेव्हा वय आणि वजन दोन्ही भरलेलं असेल. मग दर आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवत न्या. अंग भरण्याआधी उजेड दिला की अंडं लवकर येतं, पण बारीक येतं, आणि जोर करताना काही तलंगांचं अंग बाहेर येतं. ते बघवत नाही. बाकीचे पक्षी त्या लाल जागेवर चोची मारतात.

वाढीव उजेड पहाटे द्या. संध्याकाळी बल्ब गेला की एकदम काळोख होतो आणि पक्षी दांडीवर चढायचे राहतात. शेतावर वीज कधी दिवसा, कधी रात्री. आज पहाटे चारला, उद्या सहाला, परवा नाहीच, असा उजेड न दिलेलाच बरा. बॅटरीवरचा किंवा सौर दिवा टायमरला जोडला तर हा प्रश्न सुटतो. दहा बाय दहाच्या खुराड्याला नऊ वॅटचा एक एलईडी भरपूर होतो.

## ७. पहिले पंधरा दिवस

खोक्यात खोटं अंडं ठेवा. प्लॅस्टिकचा पांढरा चेंडू, गुळगुळीत दगड, काहीही. तलंग नवखी असते, जिथे अंडं दिसतं ती जागा सुरक्षित समजते. पक्षी सकाळी दहा-अकरापर्यंत खुराड्यातच कोंडा. बहुतेक अंडी सकाळीच येतात. पंधरा दिवस एकाच जागी अंडं पडलं की पुढे मोकळं सोडलं तरी तिथेच परत येते.

जमिनीवर पडलेलं अंडं लगेच उचला आणि तो कोपरा विटा ठेवून बंद करा. एक अंडं जमिनीवर दोन तास राहिलं की दुसरी तिथेच येऊन बसते.

पहिली अंडी लहान असतात, तीस-चाळीस ग्रॅमची. एखादं नुसत्या पापुद्र्यातलं, एखादं दोन बलकांचं, एखाद्यावर रक्ताची रेघ. एक दिवस आलं आणि तीन दिवस नाही. यातल्या कशालाही औषध लागत नाही. तीन-चार आठवड्यांत घडी बसते. रेघ रोज दिसायला लागली किंवा पापुद्र्याची अंडी महिन्यानंतरही येत राहिली, तर शिंपला आणि खाद्य बघा.

सावध: तलंग शेपूट पाडून, पंख सैल सोडून, पेंग्विनसारखी उभी राहते, वारंवार जोर करते आणि काही येत नाही, तेव्हा अंडं अडकलेलं असू शकतं. तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग कोरडं करून अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर पक्षी जातो. काही तासांत सुटली नाही तर दवाखाना गाठा.

## ८. सगळं झालं, तरी अंडं नाही

आधी खात्री करा की खरंच येत नाही. तुरा लाल, हाडं अडीच-तीन बोटं, द्वार ओलं, आणि खोकं रिकामं, तर अंडं बाहेर जातं आहे. सकाळी पक्षी सोडल्यावर जी एकटी घाईने निघते तिच्यावर लांबून नजर ठेवा. आमच्या शेजारच्या काकूंची एक कोंबडी तुरीच्या फणकटाच्या ढिगात अंडी द्यायची. सापडली तेव्हा चौदा होती. पाण्यात टाकून बघितली, तरंगणारी फेकली. मुंगसालाही ढीग आपल्याआधी सापडतो, तेव्हा कवचाचे तुकडे दिसतात का बघा.

हाडं एक बोटावरच अडकली असतील तर वजन करा. पिशवीत घालून काट्याला टांगलं की झालं. गावरान किलोच्या आत असेल, गिरिराज-वनराज दोन किलोला पोचली नसेल, तर तिला अजून महिनाभर चांगलं खाद्य हवं. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटी आणि पंखाखालची कातडी बघा. लाल बारीक किडे रात्री रक्त पितात आणि दिवसा फटीत लपतात. तुरा फिका राहण्यामागे बऱ्याचदा तेच असतात.

आणि महिना बघा. चैत्र-वैशाखात परभणी, नांदेडकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तयार तलंगही थांबते. ती खाते कमी, धापा टाकते जास्त, आणि धापेमुळे कवचही पातळ होतं. छपरावर कडबा किंवा पाचट टाका, खिडक्यांना ओलं बारदान लावा, खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या. मृगाचा पहिला पाऊस पडून हवा गार झाली की पंधरा दिवसांत पुन्हा हात लावून बघा.

गावरान आठ महिन्यांची झाली, वजन भरलं, जंताचं औषध झालं, हवा निवळली आणि तरीही हाडं एका बोटावरच, तरच विकायचा विचार करा. त्याच्याही आधी एकदा, दिवेलागणीनंतर, त्याच हाताने.